बरं वाटणार न्हाई, म्हणणारा अण्णा

अण्णा गेल्याचा फोन त्याच्या पोरानं केला. मी पहिलं विचारलं, ‘घाबरला हुता का?’ पोरगा म्हणाला, ‘नाही काका, शांत गेले.’ सगळ्यांची पोरं असंच सांगतात. दीड महिना झाला, माझा विश्वास बसलेला नाही.

सांगलीत अण्णाचं हळदीच्या अडतीचं दुकान. कुंडलहून माझ्या रानातली हळद विकायला कायम त्याच्याकडंच. माणूस सौद्यात पक्का, पण दुपारी गादीवर जाडजूड पुस्तकं वाचायचा आणि येईल त्याला सांगायचा, जन्म म्हणजे आतबट्ट्याचा धंदा, दुःखाला शेवट नाही… मी चौथी शिकलेला. म्हणायचो, ‘एवढं वाईट हाय, तर आंबा हापूसच कशाला लागतो रं तुला?’

‘गड्या, तुरुंगातबी जेवाय लागतंयच की.’

माझी मंडळी वारली तेव्हा घर माणसांनी भरलं. देवाला आवडली, सुटली बिचारी, आता नातवंडांकडं बघा… सुतकाच्या घरी नेतात तो कडू घास घेऊन अण्णाबी आला. पिठलं-भाकरी पुढं सारून म्हणाला, ‘खा. ह्यातनं तू बरा हुणार न्हाईस.’ माझी बहीण त्याच्यावर लय चिडली. माझ्या घशाखाली मात्र त्या दिवशीचा पहिला घास उतरला. का, ते कळलं नाही. आणि ज्याची बायको घरात चहा करतीय, त्याला असलं बोलायला काय जातंय, हा संशयही गेला नाही.

मग अण्णाला कॅन्सर निघाला. दवाखान्यात गेलो ते, खरं सांगतो, त्याची परीक्षा घ्यायलाच. त्यानं माझा हात धरला. ‘बरं वाटंल का रं मला?’ एवढा वाचलेला माणूस, आणि डोळे लहान पोरागत. ‘न्हाई, तूच सांगितलंस की,’ असं तोंडावर आलं होतं. पण म्हणालो, ‘वाटंल की. दसऱ्याला येतोस तू कुंडलला.’

तो बघत राहिला. ‘खोटं तुला कवाच जमलं न्हाई,’ म्हणाला आणि हात सोडला.

त्याला खरं हवं होतं का खोटं, हेच मला खातंय.

परवा अण्णाच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘येणारा जाणारा म्हणतोय, सवय हुईल. तुमास्नी झाली का वो?’

‘न्हाई वहिनी,’ म्हणालो. ‘हुतबी न्हाई.’

त्यांनी मान हलवली. मग खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीकडं बोट केलं. ‘मग तितं बसा. रिकामी बघवत न्हाई.’

बसलो. खुर्ची डावीकडं कलते… अण्णा त्याच अंगाला रेलायचा.