किल्ली एका जागी, फाइल दुसऱ्या जागी

सुधाकर गेल्याचा फोन कुंभार पिंपळगावहून त्याच्या बायकोने केला. "भाऊजी, हे सकाळी चहा घेता घेताच..." एवढंच ती बोलू शकली. त्याला आता सहा आठवडे झाले.

जालन्याच्या आमच्या बियाणे कंपनीत तो संगणक सांभाळायचा आणि मी उगवणीच्या चाचण्या. कोणत्या संकरित वाणाचे नर-मादी कोणते, ही माहिती म्हणजे कंपनीचा जीव. ती आणि पासवर्ड एकाच सेटिंगच्या फाइलमध्ये उघडे पडलेले असत. सुधाकरने ते सगळं सांकेतिक केलं. फाइल उघडली तर नुसती अक्षरांची खिचडी दिसे. ज्याच्या फ्लॉपीत किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा असे, त्यालाच ती वाचता येई. किल्ली संगणकावर ठेवायची नाही, हा त्याचा नियम.

फ्लॉपी खराब होतात म्हणून मी माझ्या किल्लीची एक प्रत त्याच फाइलशेजारी ठेवून दिली. तीन आठवड्यांनी ती त्याला सापडली.

"भाऊ, कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगून राह्यले व्हय तुम्ही?"

"हरवली असती तर?"

"हरवली तर नवी देतो. चोरली तर काय देऊ?"

माझी नोकरी जाईल, मालकांना सांगू नकोस, असं मी विनवलं. "सांगावं लागंल, भाऊ. लपवणं मला जमत न्हाई." दोन दिवस बसून त्याने सगळं नव्या किल्ल्यांनी पुन्हा बंद केलं आणि मग माझ्यासमोरच मालकांना सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. चार महिने मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

दिवाळीनंतर कळलं, नोकरी सोडून गेलेल्या एकाने त्या फाइलची प्रत नेली होती. मालकांनी पहिलं मलाच बोलावलं. सुधाकर म्हणाला, "प्रत घेतल्याची तारीख संगणकात हाय. ती भाऊंच्या ताकिदीनंतरची हाय. तवा फाइल नव्या किल्ल्यांनी बंद व्हती. त्यांची जुनी किल्ली तिला लावून बघा." लावली. खिचडी तशीच राहिली. त्या ताकिदीवर तारीख नसती, तर माझं कोणी ऐकलं नसतं... हे त्याला मी कधी बोलून दाखवलं नाही.

माणूस कंपनीतून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द करायची. हे काम आता माझ्याकडे आहे. यादीत तिसरं नाव अजून सुधाकर कांबळे असंच आहे. बेचाळीस दिवसांचा उशीर झाला. उद्या सकाळी ते नाव काढीन आणि उशीर का झाला, हे मालकांना स्वतः सांगेन.