शेळीने नेलेलं झाड

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या कंपनीच्या वृक्षलागवडीत खोटी झाडं रोवली होती, ती माझ्या सांगण्यावरून. आणि त्यातलं एक झाड ऑडिटर मॅडमच्या डोळ्यांदेखत एक शेळी घेऊन निघाली होती.

घेऊन म्हणजे खरोखर घेऊन. तिने करंजाचा पाला तोंडात धरला, मान झटकली, आणि माणसाच्या उंचीचं झाड जमिनीतून सुटून तिच्या मागे फरफटत निघालं. मॅडमच्या एका हातात टेप होता, दुसऱ्यात मोबाइल. दोन्ही हात तसेच वर राहिले.

"तुमच्याकडे झाडं चालतात का हो?" त्यांनी मला विचारलं.

इथवर कसा पोचलो, ते आधी सांगतो.

हिंगणघाटजवळ आमचा कारखाना आहे. ट्रेकिंगचे तंबू आणि पाठीवरच्या सॅक बनवतो. मी तिथे क्वालिटी विभागात होतो. एक दिवस शेठजींनी बोलावलं. आमचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक कार्बनचं सर्टिफिकेट मागत होतं. ते नसेल तर तंबूंची ऑर्डर नाही, आणि ऑर्डर नसेल तर शिलाई हॉल अर्धा रिकामा.

"तुम्ही कमी बोलणारे," शेठजी म्हणाले. "हे काम तुमचंच. धूर मोजायचा, बस."

त्या धुराचे तीन भाग असतात. स्कोप वन म्हणजे आपण स्वतः जाळतो ते: बॉयलर, जनरेटर. स्कोप टू म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप थ्री म्हणजे आपल्यासाठी दुसरे जाळतात ते: सूत कातणारे, बक्कल बनवणारे, ट्रकवाले. हे सगळं आधी मोजायचं. मग जमेल तेवढं कमी करायचं. उरलेल्याची भरपाई म्हणून झाडं लावायची. त्याला ऑफसेट म्हणतात.

मोजल्यावर कळलं, आमचा मोठा गुन्हेगार बॉयलर. कॅनव्हासवर पाणी न शिरणारा लेप पक्का करायला वाफ लागते आणि वाफेला कोळसा. मी कोळसा बंद केला आणि पऱ्हाट्या आणल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात वाळकी झाडं उरतात, त्या पऱ्हाट्या. त्यांचा धूर जवळपास शून्य धरतात, कारण पुढच्या हंगामाचं पीक तेवढाच कार्बन हवेतून परत ओढून घेतं. आकडा असा धाडकन खाली आला की मी केबिनचं दार लावलं आणि खुर्चीत बसून गोल फिरलो. तीन फेऱ्या. या वयात.

गिरडच्या बाजूला एका गावातल्या पडीक जमिनीवर कंपनीने आधीच लावलेली करंजाची झाडं तीन वर्षांची झाली होती. राखणीला त्याच गावच्या वच्छलाबाई होत्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. पऱ्हाट्याही मी त्याच गावच्या शेतांतून उचलल्या. एका फेरीत दोन कामं, डिझेल वाचलं म्हणून त्याचाही आनंद.

ऑडिटच्या आदल्या दिवशी पाहणीला गेलो. पुढच्या ओळी झकास. मागच्या तीन ओळींत नुसते खुंट.

"वच्छलाबाई, झाडं कुठं गेली?"

"चुलीत."

"कोणाच्या?"

"साऱ्या गावाच्या. माह्याबी."

"मग अडवलं काऊन नाही?"

"कोन्या तोंडानं अडवू जी? दरसाल आमची चूल पऱ्हाट्यावर पेटते. यंदा तुमचा ट्रक आला अन् साऱ्या घेऊन गेला. सिलिंडर चहापुरतं. भाकर काय तुमच्या सर्टिफिकेटवर भाजायची?"

याला आमच्या कामात लीकेज म्हणतात. धूर एकीकडे दाबायचा आणि तो दुसरीकडून निघायचा. वाचलं होतं. समोर आज पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगितलं तर बॉयलरचा आकडाही पुन्हा तपासला जाणार होता.

मीच म्हणालो, "फांद्या रोवू. उद्यापुरत्या."

"पोळा अजून आठ दिवस हाय साहेब," वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमी आजच सजवून राह्यले."

पण त्यांनी बायका गोळा केल्या. पावसाळी चिखल, फांदी सर्रकन आत जायची. एकीने रोवलेल्या फांदीला विचारलं, "नाव काय वो तुमचं?" दुसरी म्हणाली, "साहेबाले विचार, त्यायच्या नात्यातलं हाय." गुडघाभर चिखलात उभा राहून मी पोट धरून हसलो. कित्येक वर्षांत इतका हसलो नव्हतो.

आणि दुसऱ्या दिवशी ती शेळी.

झाडं चालतात का, या मॅडमच्या प्रश्नावर वच्छलाबाईच बोलल्या, "मॅडम, ते झाड आमच्या गावचं नाई. आपल्या गावाले चाललं."

मॅडम हसत हसत बांधावर बसल्या. बायका हसत होत्या. मी शेळीमागे धावलो आणि दोनदा पडलो. परत आलो तेव्हा मॅडम डोळे पुसत होत्या. "आता खरं सांगा," त्या म्हणाल्या, "झालं काय इथे?"

तेव्हा सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. मी म्हणालो, "राखण नीट झाली नाही. फांद्या राखणदारानेच लावल्या असतील."

वच्छलाबाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

मॅडमनी तीन ओळी वजा केल्या, राखणदार बदला असा शेरा लिहिला आणि बॉयलरचं कौतुक केलं. सर्टिफिकेट आलं. कारखान्यात पेढे वाटले. शिलाई हॉलमधल्या बायकांनी फेर धरला, शेठजींनी मला मधे ढकललं, आणि मी नाचलोही. वच्छलाबाईंना कामावरून काढल्याच्या पत्रावर सही माझी आहे.

पुढच्या हंगामापासून गावाच्या चुलींना लागतात तेवढ्या पऱ्हाट्या मी शेतातच सोडतो. बॉयलरला जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढताना निघणारा, कचरा मिसळतो. पऱ्हाट्यांत ओल फार असते, असं शेठजींना सांगितलं. तेही खोटंच. मागच्या तीन ओळी पुन्हा लावल्या, त्या टिकल्या. नव्या लोकांना मी शिकवतो, मोजताना कारखान्याच्या गेटपाशी थांबू नका, ज्याचं सरपण नेलं त्याच्या चुलीपर्यंत जा. हे कुठे शिकलो, ते सांगत नाही.

गावाला खरं माहीत आहे. फाइलमध्ये मात्र तो शेरा आहे, आणि त्यामुळे कंपनीने नंतर काढलेल्या रस्त्याकडेच्या लागवडीचं कामही वच्छलाबाईंना मिळालं नाही. त्या आता दुसऱ्यांच्या सोयाबीनमध्ये तण निंदायला जातात. मागच्या महिन्यात समोरून आल्या. "बरे हाय ना जी साहेब?" म्हणाल्या. मी मान हलवली आणि गाडी पुढे घेतली.

मॅडमना मी एक पत्र देणं लागतो: फांद्या रोवायला मी सांगितलं आणि झाडं माझ्या बॉयलरमुळे गेली, एवढंच. आणि वच्छलाबाईंना ते पत्र त्यांच्या दारात उभं राहून, त्याच बायकांसमोर, स्वतः वाचून दाखवणं हेही माझ्यावर देणं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.