टोकाला बसलेल्या माणसाचं तोंड

सानपाडा गावातून मी चालत वाशीला धुण्याभांड्याला जायची. आमची शेतं नव्या शहरात गेली होती. एका घरी निवृत्त शाळामास्तरीण बाई एकट्या राहायच्या, ख्रिस्ती, नगरकडच्या. बाहेरच्या खोलीत त्यांच्या सासऱ्यांनी काळ्या शाईने काढलेलं जुनं चित्र होतं. सामान हलवताना त्याची काच फुटली, ती परत बसवली नव्हती.

चित्रात एक दाढीवाला खाली बसून दुसऱ्याचे पाय धूत होता. मला वाटलं, लग्न आहे, मुलीचा बाप जावयाचे पाय धुतोय. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, हा येशू आणि हे त्याचे शिष्य. टोकाला बसलाय तो त्याला धरून देणार आहे, ते येशूला ठाऊक आहे, तरी त्याचेही पाय धुतले. त्या टोकाच्या माणसाच्या तोंडावरून बाई आणि त्यांचे मालक जन्मभर भांडले. मालक म्हणायचे, त्याला लाज वाटतेय. बाई म्हणायच्या, लाज कसली, निगरगट्ट आहे तो.

दसऱ्याआधी मी घर साफ करायला काढलं. आमच्याकडे देवांच्या तसबिरी मी ओल्या फडक्याने पुसते. हेही देवाचंच, म्हणून तसंच पुसलं. शाई फडक्याला आली. टोकाच्या माणसाच्या तोंडाच्या जागी नुसता करडा डाग राहिला.

बाईंना मोतीबिंदू होता, त्यांना दिसलं नाही. मीही बोलले नाही. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा चहा पिताना त्या म्हणाल्या, "अगं, तू तरी बघून सांग. त्या टोकाच्याला लाज वाटतेय का?"

मी चित्रापुढे जाऊन उभी राहिले.

"वाटतेय, बाई."

 बाई म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचंच खरं होतं. आणि मी त्यांना शेवटच्या दुखण्यातसुद्धा ऐकवत राहिले." कप तसाच ठेवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा तरी सांगायचं. तोंड उघडलंच नाही.

ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यात औषध घालायला मी येणार होते, तसं कबूल केलं होतं. पट्टी निघायच्या आदल्या दिवशी बाईंच्या शेजारणीकडे घराची चावी दिली, ताप आलाय म्हणून सांगितलं, आणि पुन्हा त्या बिल्डिंगमध्ये गेले नाही. औषध कोणी घातलं, ते मी कधी विचारलं नाही.