वीस मिनिटांचं ऊन

माझा दादा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. स्वतः मात्र जेवायला कधी वेळेवर आला नाही. वहिनी गेली तेव्हा मी त्याच्याकडे राहायला आले. माझं तोंड फटकळ, त्याचं बंद. जमून गेलं.

वहिनी दर वर्षी आपल्याच टोमॅटोचं बी धरायची. शेवटच्या वर्षी आजारपणात ते राहिलं. उरलं होतं आदल्या वर्षीचं, चिमूटभर, दादाच्या एका डबीत. तसला टोमॅटो बाजारात मिळत नाही. हे बी गेलं की संपलं.

त्यानं सगळं पेरलं. चहाचे कागदी कप, बुडाला भोक, चिमट्यानं एकेक दाणा, आणि वर वीतभर अंतरावर टांगलेली ट्यूब. तीसुद्धा माझ्या खोलीतली! "अरे, मलाही एखाद्या कपात लाव, म्हणजे उजेड तरी मिळेल," मी म्हणाले. वहिनी गेल्यापासून दादा पहिल्यांदा हसला. अकरा रोपं आली.

मग त्यांना उन्हाची सवय लावायची. घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात नेलं तर करपतं. म्हणून पहिल्या दिवशी दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस, असं वाढवत न्यायचं. दुसऱ्या दिवशी नेमकं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. जाताना तीनदा बजावलं, "वीस मिनिटं हं. घड्याळ बघ."

मला आला राग. मी काय कुक्कुलं बाळ? झाडच ना ते, उन्हातच वाढणार! एवढे लाड वहिनीचे केले असतेस तर, असंही मनात आलं. मुद्दामच ठेवली गॅलरीत. दुपारी बघते तर पानं पांढरीफटक, सगळ्यांनी माना टाकलेल्या. पाणी घातलं आणि गुपचूप आत नेऊन ठेवली.

दादानं आल्यावर भिंग लावून एकेक रोप बघितलं. मग म्हणाला, "काल मीच जास्त वेळ ठेवली का गं? लक्षात राहिलं नसेल माझ्या?"

"असेल," मी म्हणाले.

एवढी लांब जीभ माझी, पण खरं बोलायला पुरली नाही.

एकही रोप जगलं नाही. "तिचं एवढंसं बी मला सांभाळता आलं नाही, लोकांची घड्याळं काय सांभाळणार?" असं म्हणत महिन्याभरात त्यानं दुकान बंद केलं. मी भांडले, रडले, शपथा घातल्या. जे सांगितल्यावर तो थांबला असता तेवढंच बोलले नाही.

आता बाहेर पडताना तो जिन्यातून परत फिरतो. "कुलूप लावलं ना गं मी? बघ जरा." मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी जाऊन बघते. कुलूप दर वेळी नीट लावलेलं असतं.