अर्धा आवाज

तोरेयंड बिद्दप्पाच्या हातात जुनी बंदूक दिली की तो आधी तिच्याकडे बघत नसे, तिचा वास घेई. फणस पिकलाय का बघावं तसं नळीच्या तोंडाशी नाक न्यायचा, डोळे मिटायचा आणि मग निकाल सांगायचा. "ही चुलीवर टांगलेली होती. धूर खाऊन बसलीय." नाहीतर, "हिच्यात उंदरानं संसार थाटला होता, तुम्हाला पत्ता नाही?" बंदुकीचा मालक ओशाळून हसायचा, कारण ते बहुतेक वेळा खरं निघायचं.

आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, बंदूक ही भिंतीवरची शोभा नव्हे, ती घरातलं माणूस आहे. मुलगा झाला की आकाशात एक बार उडतो. माणूस गेलं की लागोपाठ दोन. एक ऐकला तर हसायचं आणि सवडीनं जाऊन बाळाचं तोंड बघायचं. दोन ऐकले तर हातातलं काम टाकायचं, पांढरे कपडे चढवायचे, सरणाच्या लाकडासाठी कोयता घ्यायचा आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागायचं. दोन बार ऐकल्यावर 'त्या घराशी आमचं बोलणं नाही' असं म्हणायची सोय कुणालाच नाही. भांडण परत आल्यावर पुढे चालवावं, त्याला कुणाची हरकत नसते.

बिद्दप्पा तरुणपणी फौजेत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होता. परत आला तो घरामागच्या लाकडाच्या खोपटात शिरला आणि तिथंच म्हातारा झाला. लोकांनी नव्या बंदुका घेतल्या, आज्या-पणज्यांच्या ठासणीच्या बंदुका अडगळीत टाकल्या. बिद्दप्पा त्या हुडकत फिरायचा. एक नळी गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेली होती, ती त्यानं केळीचा घड देऊन सोडवून आणली. तुरुंगातून जामिनावर सोडवावं तसं तो 'सोडवून आणली' असंच म्हणायचा. रॉकेलात भिजवलेल्या काथ्यानं महिना महिना गंज काढायचा, दस्त्याला जवसाचं तेल पाजायचा, आणि कैलपोळ्दच्या सणाला, भाताची लावणी उरकून हत्यारांची पूजा होते तेव्हा, त्या सगळ्या दिव्याखाली ओळीनं उभ्या करायचा. प्रत्येकीच्या तोंडात कळलावीचं एक लालपिवळं फूल.

"घरात सुनेला पाय पसरायला जागा नाही," त्याची बायको चोंदव्वा म्हणायची, "आणि तुमच्या ह्या सवती भिंतभर उभ्या."

"सवती तुझ्यासारख्या बोलत नाहीत, म्हणून तर ठेवल्यात."

"तुमची थोरली तर मुकीच आहे. एका डोळ्यानं आंधळी पण आहे."

हे मात्र बिद्दप्पाला लागायचं. कारण थोरली म्हणजे त्यांच्या घराण्याची दुनळी. पणज्यानं कुठून आणली कुणाला ठाऊक नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला आपापला घोडा. बाप गेला तेव्हा तिनंच दोन बार देऊन खोऱ्याला बोलावलं होतं. त्यानंतर वाटणी झाली. थोरला उत्तय्या म्हणाला, बंदूक वडिलकीनं माझी. धाकटा बिद्दप्पा म्हणाला, बापाच्या आजारपणात तिला तेल मी घातलं. पंचांनी ठरवलं की पूर्वजांचा दिवा ज्याच्या घरात, बंदूक त्याच्या घरात. दिवा बिद्दप्पाकडे राहिला होता. उत्तय्यानं वाद घातला नाही. समोरच्या टेकडीवर राहायला जायच्या दिवशी त्यानं खिशातून पेचकस काढला, डाव्या बाजूचा घोडा आणि त्यामागची सगळी कळ उलगडून फडक्यात बांधली आणि म्हणाला, "बंदूक तुझी. अर्धा आवाज माझा."

झालं. मध्ये भातखाचरं, अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा. तीस वर्षं सणासुदीलाही एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय नाही. लग्नात समोरासमोर आले तर एक जण डुकराच्या रश्श्यात बोटं घालून खाली बघायचा, दुसरा छताकडे. दोघांचीही हट्टाची जात एकच. कुणाला नावं ठेवणार.

सून पोटुशी राहिली आणि बिद्दप्पानं थोरलीला भिंतीवरून उतरवलं. नातू झाला तर बार हिचाच व्हायला हवा. समोरच्या टेकडीवर तो ऐकू जायला हवा. बापाच्या बंदुकीचा आवाज उत्तय्या झोपेतसुद्धा ओळखेल, आणि ओळखला की येईल. बोलावणं धाडायचं तर जीभ रेटत नव्हती. एका बारानं ते काम परस्पर होणार होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण चोंदव्वेला कळायचं ते कळलंच.

नळ्या साफ करताना गंजाखालून काहीतरी दिसू लागलं. त्यानं चोंदव्वेची डुकराच्या रश्श्यात घालायची काळी आंबट कच्चमपुळी उचलली, चिंधीनं नळीला चोळली, धुतली, परत चोळली. आणि लोखंडावर रेघा उमटल्या. नागमोडी, बारीक, एकीत एक गुंतलेल्या, पाण्यावर वाऱ्यानं उठाव्यात तशा, तोंडापासून मुळापर्यंत. कुणीतरी कधीकाळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून ही नळी वळली होती. फौजेत त्याच्या हाताखालून हजारो बंदुका गेल्या होत्या, पण असं काही गेलं नव्हतं. तो खाली बसला. लहानपणापासून ही बंदूक आपण बघतोय आणि आजवर बघितलीच नाही, असं त्याला वाटलं. करणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, आणि त्याचा हात मात्र इथं आपल्या मांडीवर. त्याचे डोळे भरून आले.

"माझी कच्चमपुळी कुणी संपवली?" आतून आवाज आला.

"इकडं ये आधी. हे बघ."

चोंदव्वा तणतणत आली, तिनं बघितलं आणि नळीवरून बोट फिरवलं. कच्चमपुळीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

डाव्या बाजूची कळ त्यानं मोडक्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवली. घोडा, त्याची कमान, घोड्याला मागे धरून ठेवणारा दात, सगळं कानशीनं घासून. पहिले तीन फसले, चौथा बसला. उजव्या नळीला दारू पेटवणारी टोपी लावून ती उडवून बघितली, डावी उडवून बघितली. दोन्ही छान बोलल्या. वेगवेगळ्या बोलल्या, एकत्र बोलतात कशा, हे बघायचं त्याला सुचलंच नाही.

कैलपोळ्द होऊन चार दिवस झाले होते. खाचरं हिरवीगार, बायका तण काढत होत्या. विराजपेटच्या दवाखान्यातून मुलगा कुशालप्पा जीप घेऊन आला आणि इंजिन बंद करायच्या आधीच म्हणाला, "मुलगा झाला, अप्पा. दोघंही छान आहेत."

बिद्दप्पा थोरली घेऊन बाहेर आला. त्यानं नळीत दारू ओतली, काथ्याचा बोळा घातला, गजानं ठासला. उजवीत झालं, मग डावीत.

"एकच बार हवा ना?" चोंदव्वा म्हणाली. "दोन्ही कशाला भरताय?"

"एक रुसली तर दुसरी हाताशी असावी."

"रुसलेला एक समोर टेकडीवर आहे, तो पुरेना?"

तो अंगणात उभा राहिला, दोन्ही घोडे मागे खेचले, नळ्या आभाळाकडे केल्या आणि उजवा चाप ओढला.

उजवी गरजली. तिच्या धक्क्यानं डाव्या घोड्याचा नवा दात निसटला, आणि बिद्दप्पाच्या खांद्याला कळायच्या आत डावीही गरजली. दोन बार. लागोपाठ.

धूर विरला. मग खाली खाचरात वाकलेली एक बाई सरळ झाली. मग दुसरी. मग सगळ्याच. त्यांनी हातातलं तण तिथंच टाकलं आणि घरांकडे वळल्या.

"अगं, कुणी गेलेलं नाही," बिद्दप्पा ओरडला. एवढ्या लांब काय जातंय त्याचं ओरडणं.

"जीप काढ, कुशाल. सगळ्यांना सांगत जा."

"कुणाकुणाला सांगू, अप्पा? आवाज डोंगरापलीकडे गेला."

आणखी एक उडवावा तर तीन होतील, आणि तीन बारांचा अर्थ आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. चोंदव्वा पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली. "पोरानं अजून डोळे नीट उघडले नाहीत आणि तुम्ही त्याच्या नावानं मयताचे बार काढलेत."

बिद्दप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि तो बघतच राहिला. हिरव्या खाचरांच्या बांधांवरून, कॉफीच्या मळ्यांतून, वरच्या पायवाटेवरून पांढरी माणसं येत होती. कुणी धावत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. रांगा बारीक, वळणावळणाच्या, चारी बाजूंनी याच अंगणाकडे वळलेल्या. चालीवरून त्याला एकेक जण ओळखू येत होता. ज्याची बंदूक 'हिला आता पुरून टाक' म्हणून परत केली, तो येत होता. मागच्या वर्षी नारळावरच्या नेमबाजीत ज्याच्याशी हातघाईवर आला, तोही. बंदुकीपायी सगळी माणसं आपल्याला वैतागलीत असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

सगळ्यांत आधी पोचला तो शेजारचा मेदप्पा. त्यानं बिद्दप्पाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हा तर उभा आहे."

"नातू झाला," बिद्दप्पा पुटपुटला. "दुसरा आपोआप उडाला."

"मी कोयत्याला धार लावून आलोय. आता कुणाला तरी जावं लागेल."

कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू अंगणभर पसरलं. चोंदव्वा तेवढी हसली नाही. म्हातारी माणसं म्हणाली, ती म्हणते ते बरोबर आहे. अपशकुन पुसायचा तर एक स्वच्छ बार व्हायला हवा. मेदप्पानं आपली बंदूक आणतो म्हटलं. बिद्दप्पाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो समोरच्या टेकडीकडे बघत होता. तिथून कुणीच आलं नव्हतं.

मग वाटेवर एक पांढरा ठिपका दिसला. काठी टेकत, थांबत, परत चालत. अंगणातलं बोलणं एकेक करत थांबलं आणि लोक बाजूला सरले.

उत्तय्या आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोकं उघडं, बगलेत फडक्याचं गाठोडं. कुणाकडे न बघता तो पायऱ्या चढला आणि वरच्या पायरीवर जो माणूस उभा होता त्याला त्यानं विचारलं, "बिद्दाला कुठं ठेवलंय?"

बिद्दप्पानं पुढे होऊन त्याची काठी धरली.

"मला त्याच्यापाशी न्या. हे त्याच्या हातात द्यायचंय. बंदूक अर्धी ठेवून गेला तर वर बापाला काय सांगेल."

"अण्णा," बिद्दप्पा म्हणाला.

म्हातारा थबकला. त्यानं हात पुढे केला, बिद्दप्पाचं तोंड चाचपलं, कान धरला आणि जोरात पिळला. "मेला नाहीस?"

"नाही."

"मग दोन बार कुणी काढले?"

"एक मी. दुसरा तुझ्या बाजूचा. आपोआप."

उत्तय्या पायरीवरच टेकला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते, तो हसतोय की रडतोय ते कुणाला कळलं नाही. मग त्यानं बंदूक मागितली. बोटांनी नळी चाचपली, दस्ता चाचपला, डाव्या घोड्यापाशी बोटं थांबली. "हे कुणाचं काम?"

"माझंच. जीपच्या पाट्याचं."

"छान केलंयस. माझ्याच्यानं झालं नसतं." मग त्यानं गाठोडं सोडलं. "पण हे लाव."

फडक्यात डावी कळ होती. गंजाचा ठिपका नाही. तेलानं चमकणारी, आणि घोड्याच्या वाकात कळलावीचं एक सुकलेलं फूल अडकवलेलं, याच सणाचं. बिद्दप्पानं ती उचलून नाकाशी नेली. ताज्या तेलाचा वास होता. ज्याच्याशी आपण बोलत नव्हतो तो समोरच्या टेकडीवर दर सणाला बंदुकीचा एवढासा तुकडा दिव्याखाली ठेवून त्याची पूजा करत होता. वासावरून सगळं ओळखणाऱ्या बिद्दप्पाला हे कधी कळलं नव्हतं. त्यानं पेचकस मागवला.

कळ आपल्या खाचेत बसली, जणू कधी निघालीच नव्हती. दोन्ही नळ्या भरल्या, दोन्ही घोडे मागे खेचले.

"दोन्ही?" चोंदव्वेनं धसकून विचारलं.

"दोन्ही," उत्तय्या म्हणाला. भावानं धरलेल्या बंदुकीवर त्यानं हात ठेवला आणि डावा चाप ओढला.

बार झाला. आवाज खोऱ्यातून गेला, डोंगरावर आपटला आणि परत आला. अंगणातली सगळी पांढरी माणसं श्वास धरून दुसऱ्याची वाट बघत उभी राहिली. उजवा घोडा जागचा हलला नाही. धूर वर गेला, खाली खाचरात बेडूक ओरडू लागले, तरी कुणी हललं नाही. शेवटी चोंदव्वेनं डोळे पुसले आणि भाताच्या उकडीचे गोळे किती लागतील ते मोजायला ती माणसांवरून नजर फिरवू लागली.

त्या दिवशी बाळाच्या नावानं झालेलं पहिलं जेवण आम्ही सगळे मयताच्या कपड्यांत जेवलो. संध्याकाळी उत्तय्या निघाला तेव्हा बिद्दप्पानं पेचकस त्याच्यापुढे धरला. उत्तय्यानं तो बाजूला सारला आणि जाताना फक्त फडकं नेलं.