सोड्री, सुड्री आणि साग

आगीवर अभ्यास करते म्हटलं की लोक हसतात. ‘हिचा स्वभावच जाळ आहे,’ असं आई सांगत सुटते आणि केशवापुरातल्या आमच्या शेजारणींना तेवढं निमित्त पुरतं. मग मी चिडते आणि त्यांचंच म्हणणं खरं ठरतं. पण माझं काम आग लावायचं नाही, विझवायचंही नाही. दरसाल आग लागून सागाचं रान पिढ्यान्‌पिढ्या कसं बदलत जातं, ते मला बघायचं होतं.

कलघटगीच्या पुढं एक टेकडी आहे. तिची एक बाजू दर उन्हाळ्यात जळते. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून कुणीतरी काडी लावतं. कोण, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. दुसरी बाजू नाल्याकडं उतरते. तिथं देवीचं ठाणं आहे, त्यामुळं तिकडं कुणी बिडीसुद्धा ओढत नाही. जळत्या बाजूच्या सागाची साल जाड, नाल्याकडच्या बहुतेक सागांची पातळ. टेकडी एकच, झाडही एकच, मग हा फरक कशाचा? पातळ सालीची झाडं आगीत मरत गेली, जाड सालीची उरली आणि त्यांचंच बी पडत राहिलं, म्हणून? की चटके सोसून एकेका झाडाची साल त्याच्या हयातीतच जाड झाली? पहिलं खरं असेल तर जाडपणा बियातून पुढं जाणार. दुसरं खरं असेल तर तो त्या झाडाबरोबरच संपणार.

हे कळायला उपाय एकच होता. दोन्हीकडचं बी एकाच मातीत लावायचं, त्याला आगीचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही आणि मोठं झाल्यावर साल मोजायची. सागाचं बी मुलखाचं हट्टी, ते भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा, तेव्हा कुठं उगवतं. टेकडीच्या माथ्यावर, नाला सुरू होतो तिथं, मी दोन्हीकडची रोपं मिसळून लावली आणि वाट बघत बसले. तोवर माझ्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली. शेवटी एकदाची रोपं मोजण्याजोगी झाली. होळीनंतर साल मोजायची असं ठरलं.

दर उन्हाळ्याआधी आम्ही रोपांच्या भोवतीचं गवत मुद्दाम जाळून घेतो. मोकळा पट्टा राहिला की बाहेरची आग आत शिरत नाही. हे काम मी स्वतः उभी राहून करून घेते. त्या वर्षी नेमकी तापानं पडले होते, म्हणून आमच्या सरांनी राखणदार अज्जाला फोन केला.

सर माझे मार्गदर्शक. हुबळीच्या बाजारात त्यांच्या घरची जुनी कापडाची पेढी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि सरांच्या तोंडात दोन्हींची खिचडी. मराठी क्रियापदाला कन्नडचा अदबीचा ‘री’ चिकटवायचा की झालं कन्नड, असा त्यांचा समज आहे. खरं तर आम्ही सगळेच इथं तसं बोलतो. सर फोनवर म्हणाले, “सुत्तमुत्त सुड्री, ओळगिंदु सोड्री.” म्हणजे भोवतीचं जाळा, आतलं सोडा. पण कन्नडमध्ये सोडा म्हणायचं तर ‘बिड्री’. सोड्री असा शब्दच त्या भाषेत नाही. अज्जानं दोन्ही वेळा सुड्रीच ऐकलं: भोवतीचंही जाळा, आतलंही जाळा.

बरं, त्यानं विचारलंसुद्धा, “ओळगिंदू सुडबेकेन्री?” आतलंही जाळायचं का? सर तारिहाळच्या बसमध्ये होते, हॉर्न वाजत होता. ते ओरडले, “हूं री, सोड्री, सोड्री!”

अज्जानं इमानानं जाळलं.

आणि आग तिथं थांबली नाही, नाल्यात उतरली. तिथं कधीच आग लागली नव्हती, म्हणून वर्षानुवर्षांचा पालापाचोळा गुडघाभर साचला होता. जळत्या बाजूला आग गवतावरून पळून जाते. नाल्यात ती बुंध्याशी ठाण मांडून बसली.

“सर हेळिदरु री, अक्का,” सरांनीच सांगितलं, एवढंच अज्जा मला म्हणत राहिला. त्याच्यावर काय ओरडणार? मी सरांवर ओरडले. तर ते म्हणाले, “अगं, पण मी सोडाच म्हटलो की!” तेही खरंच होतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला. एखादा तरी चोर हवा होता, म्हणजे मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

घरी आई म्हणाली, “आगीवरच शिकायलीस न्हवं? मग आग लागली की बरंच झालं की!” मी चहाचा कप असा आपटला की कान तुटला.

सगळ्यांची समजूत घालायची पद्धत एकच: साग मुळातून फुटतो. फुटतो, मलाही ठाऊक आहे. पावसानंतर रोपं फुटलीही. सरांनी लगेच फोन केला.

“बघ, आलं की नाही परत? थांबायचं चार वर्षं, मग मोजायचं.”

“सर, फुटली ती जळत्या बाजूच्या बियाची. नाल्याकडच्या बियाची बहुतेक मुळासकट गेली. जी थोडी उरली, ती आगीनं निवडून ठेवलेली. त्यांना नाल्याकडची म्हणून कशी मोजू?”

सर उत्साहानं म्हणाले, “त्यात काय मोठं? परत नाल्यात जा, परत बी आण, परत लाव.”

मी नाल्यातूनच नुकती वर आले होते. हात काळे झाले होते, फोनही काळा झाला होता. खाली पातळ सालीची झाडं बुंध्याला तडकून उभी होती, एकालाही पालवी नव्हती. पालवी होती ती चार-दोन झाडांना. त्यांच्या सालीवरून मी हात फिरवून आले होते.

“कुणाचं आणू, सर?” मी विचारलं. “आता तिकडंही जाड सालीचीच उरलीत.”