रिकाम्या क्वार्टरमधली तीन उत्तरं

मुलीला फेलोशिपच्या मुलाखतीचं बोलावणं दिल्लीहून आलं तेव्हा माझ्या डोक्यात सगळ्यात आधी छोले-कुलचे आले, हे कबूल करून टाकतो. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली, निवृत्त झाल्यापासून भटकतो आणि इथे लिहितो. मुक्ता म्हणाली, "बाबा, मी एकटी जाऊन येईन." मी म्हटलं, "जा की. मी योगायोगाने त्याच गाडीत असेन." तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे आमची भांडणं फार लांबत नाहीत.

बरेच पालक विचारतात म्हणून ही फेलोशिप काय ते सांगून ठेवतो. परदेशात दोन वर्षांचं शिक्षण, फी आणि राहण्याचा खर्च त्यांचा, आणि एकच अट: शिक्षण संपलं की भारतात परत यायचं. मुक्ताचा विषय जमिनीखालचं पाणी. तिला त्यातलं विद्यापीठ आवडलं होतं, मला ती अट. दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या, तेवढं मी सहज रेटेन असं मी सगळ्यांना सांगत होतो.

नाशिकरोडहून थेट गाडी मिळते. निजामुद्दीनला उतरा, तिथून दक्षिण दिल्ली जवळ पडते. रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात, तुम्ही निम्म्यापासून सुरुवात करा. आम्ही उतरलो लक्ष्मीबाई नगरात, माझा जुना मित्र फिलिप गायकवाड याच्याकडे. फिलिप मूळ नगरचा, तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे त्याच्या मराठीत दिल्ली चांगलीच मुरली आहे.

त्याने फोनवर एक गोष्ट सांगितली नव्हती. सगळी कॉलनी पाडून नवीन बांधणार होते आणि लोक निघून गेले होते. एप्रिलची दुपार, कडुलिंबाचा पाचोळा रस्ताभर, झाडांवर रंगाने घातलेले आकडे, आणि रांगेने उभ्या इमारती, त्यांच्या खिडक्यांना चौकटीच नाहीत. कुठे दोरीवर विसरलेला टॉवेल, कुठे दारावर अजून नावाची पाटी. आमच्या रिक्षाचा आवाज समोरच्या भिंतींवर आपटून परत येत होता. फिलिपच्या जिन्यात सहा क्वार्टर, त्यातलं एकच भरलेलं.

"अरे यार, नवीन क्वार्टर मिळालंय, पण अजून पझेशन नाही," फिलिप म्हणाला. "तेवढे पंधरा दिवस आम्हीच इथले राजे."

सुनंदा वहिनी मात्र हसल्या नाहीत. "दुपारी वरच्या मजल्यावर कोणी चालल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "यांना सांगितलं तर म्हणतात पाइप वाजतात." वहिनींनी त्या दिवशी मटणाचा रस्सा केला होता, तो नगरी तिखटाचा होता आणि त्यावर मी वेगळा लेख लिहू शकेन.

संध्याकाळी पाच वाजता फिलिपचा 'बोर्ड' बसला. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची मुलं मुलाखतीला निघाली की त्यांची खोटी मुलाखत घ्यायची, हा त्याचा जुना उद्योग. त्यासाठी तो बूट घालतो आणि मुलांना "मॅडम", "मिस्टर" म्हणतो. घरात बोर्ड बसवला तर कुकरच्या शिट्ट्या मध्ये येतात, म्हणून जागा निवडली समोरच्या रिकाम्या क्वार्टरची. तिथलं कुटुंब महिन्यापूर्वी गेलं होतं. भिंतीवर कुठल्या तरी मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, कॅलेंडर मार्चवर थांबलेलं. तीन मोडक्या खुर्च्या राहिल्या होत्या, त्या फिलिपने एका ओळीत मांडल्या. तो मधल्या खुर्चीत बसला. "बेटा, उत्तर देताना तिघांकडे बघायचं. बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत असं बिल्कुल समजू नकोस." मग माझ्याकडे वळून, "तू बाहेर बस. बाप समोर असला की मुलं खोटं बोलतात."

मी जिन्यात पायरीवर बसलो. दार लोटलेलं, वर झडप उघडी, सगळं ऐकू येत होतं. बोर्ड अर्थातच इंग्रजीत चालला होता. नाशिकच्या विहिरी, पाण्याची पातळी, मुक्ता छान बोलत होती. मग वहिनींनी हाक मारली, फिलिपच्या ऑफिसातून फोन आला होता. तो "दोन मिनट, मॅडम" म्हणत बाहेर आला आणि माझ्या शेजारून त्याच्या घरात गेला.

आत शांत झालं. मग मुक्ता बोलायला लागली, मराठीत.

"हो, दुसरीकडून पण ऑफर आहे. पाच वर्षांची पीएचडी. घरी सांगितलेलं नाही."

मध्ये थोडा वेळ गेला, कोणी प्रश्न विचारावा आणि तिने तो नीट ऐकून घ्यावा इतका.

"नाही, तिकडे गेले तर परत यायचा विचार नाही. मला करायचंय ते काम इथे होत नाही."

तिने बाहेर यावं, 'बाबा, सराव करत होते' म्हणावं, असं मला वाटत होतं. पुन्हा तशीच शांतता, आधीपेक्षा लांब. आणि तिसरं उत्तर आलं. आवाज तसाच, पण जरा खालच्या पट्टीतला, आणि अगदी दाराला लागून.

"राहतील ते एकटे. चार दिवस चिडचिड करतील, मग वरणाला फोडणी द्यायला शिकतील. जमतं त्यांना."

फिलिप परत आला आणि त्याने दार ढकललं. दारापाशी कोणी नव्हतं. मुक्ता दोन खोल्या पलीकडे, मागच्या गॅलरीत पाठमोरी उभी होती. मी वहिनींकडे जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो. वरून पाइप वाजत होते.

दुसऱ्या दिवशी खरी मुलाखत कस्तुरबा गांधी मार्गाजवळ होती. मेट्रो सोयीची आहे, आयएनएला चढा, राजीव चौकला बदला, बाराखंबाला उतरा. ती आत गेल्यावर मी एका राज्य अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये थाळी घेतली. पोळ्या गरम होत्या, एवढंच आठवतं. चवीचं विचारू नका, माझं लक्ष नव्हतं. दीड तासाने ती आली.

"कशी झाली?"

"चांगली. परत येणार का, ते विचारलं."

"मग?"

"मी हो म्हणाले," ती म्हणाली आणि छोले-कुलच्याची गाडी कुठे लागते ते शोधायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी निवड झाल्याची मेल आली. फिलिपने जिलेबी आणली, वहिनींनी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून छोटीशी प्रार्थना केली. मुक्ता हसली, पण ते हसणं ओठांपलीकडे गेलं नाही. संध्याकाळी निघालो तेव्हा मी समोरच्या दाराकडे बघितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

सकाळी जळगाव गेल्यावर तिने विषय काढला. "बाबा, अजून एक ऑफर आहे. पाच वर्षांची. दोन्हीकडे उद्या कळवायचंय." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही सांगाल ते करीन. दोन की पाच?"

"पाच," मी म्हणालो.

ती रडायला लागली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं. जरा वेळाने मुक्ता म्हणाली, "तुम्ही जिन्यात ऐकलंत ना? ऐकावं म्हणूनच बोलले. समोर बसून सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून काका गेल्यावर दाराकडे तोंड करून बोलले. दोन उत्तरं दिली आणि इतकी भीती वाटली की गॅलरीत पळाले."

"दोनच?"

"दोनच. तिसरं तुमच्याबद्दल बोलायचं होतं, ते तोंडातून निघेना."

मी बरं म्हणालो आणि चहावाल्याला हाक मारली.

जाणाऱ्यांसाठी थोडं: मुलाखतीच्या एक दिवस आधी पोचा, कागदांच्या दोन प्रती ठेवा, एप्रिलमध्ये जाणार असाल तर टोपी विसरू नका. आणि दोन ऑफर हातात असतील तर घरी आधीच सांगा. लक्ष्मीबाई नगरातला तो जिना आता पाडला, असं फिलिपने कळवलं आहे. मुक्ता ऑगस्टमध्ये गेली. पहिले काही दिवस मी चिडचिड केली, मग फोडणी जळाली, आता बरी होते. घर संध्याकाळी फार मोठं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मुक्ता हा ब्लॉग वाचते, म्हणून फोनवर न जमलेलं इथे लिहितो. तू दोन उत्तरं दिलीस, मी तीन ऐकली. तुझा आणि तुझ्या आईचा आवाज फोनवर सगळ्यांना सारखाच वाटायचा. मला कधीच वाटला नाही. ते तिसरं ऐकलं नसतं, तर गाडीत मी 'दोन' म्हणालो असतो.